वैद्यानें झोंपावें कीं नाहीं?

यंदाच्या स्नेहसंमेलनांतील वक्तृत्वस्पर्धेस 'मला कोण व्हावेंसें वाटतें' हा विषय ठेवला होता. विषय जुना आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु परीक्षकाच्या खुर्चीवर बसून मुलांचें मन जाणून घ्यावयास त्याहून सोपें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. बोलणाऱ्या १४ मुलामुलींपैकीं ९ जणांस डॉक्टर व्हावयाचें होतें. हेंही नवीन नव्हे. आम्हांस नवल वाटलें तें याचें कीं त्या नऊही जणांनीं रंगविलेला डॉक्टर अगदीं एकच होता. तो रात्रंदिवस जागतो. त्याला भूक लागत नाहीं. भरल्या ताटावरून उठून तो रोग्याकडे धांवतो. स्वतःच्या अंगांत ज्वर असला तरी त्याची त्याला शुद्ध नसते. एका मुलीनें सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें उदाहरण घेतलें. चीनमध्यें युद्ध चालू असतां त्यांनीं ७२ तास न झोंपतां जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, हें सांगतांना तिचा कंठ दाटून आला आणि सभागृहांत टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

टाळ्या वाजत असतां आमचें लक्ष सहज शेवटच्या रांगेकडे गेलें. दहा वर्षांपूर्वीं या शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला आमचा एक हुशार विद्यार्थी तेथें बसला होता. आज तो डॉक्टर आहे. एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून पुढील पदवीचा अभ्यास करीत आहे. आमच्या आग्रहावरून तो समारंभास आला होता. टाळ्यांच्या त्या गजरांत तो गाढ झोंपला होता. मान एका खांद्यावर कलली होती आणि हातांतला चहाचा पेला शेजारच्या मुलानें अलगद काढून घेतला होता, तेंही त्याला ठाऊक नव्हतें.

कार्यक्रम आटोपल्यावर शिक्षकांच्या खोलींत बसलों असतां आम्हीं त्याची थोडी थट्टा केली. तो ओशाळला, आणि मग हळूहळू बोलूं लागला. त्यानें सांगितलेली एक हकीकत त्याच्याच परवानगीनें येथें देत आहों. गेल्या पावसाळ्यांत वॉर्ड तापाच्या रोग्यांनीं भरून गेला होता. दोन खाटांच्या मधल्या जागेंतही गाद्या घातल्या होत्या. सलग कामाचा एकतिसावा तास चालू होता. मधुमेहाच्या एका वृद्ध रोग्यास इन्शुलिनचे ४ युनिट द्यावयाचे होते. 'युनिट' हा शब्द पुरा लिहावा, नुसतें इंग्रजी आद्याक्षर लिहूं नये, कारण घाईंत तें अक्षर शून्यासारखें दिसतें, हें त्याला विद्यार्थिदशेपासून शिकविलेलें होतें. त्या पहाटे त्यानें आद्याक्षरच लिहिलें, आणि ४ चे ४० झाले. सुदैवानें पाळीवरच्या सिस्टर अनुभवी होत्या. त्या कागद घेऊन आल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "डॉक्टर, चाळीस?"

"सर," तो आम्हांस म्हणाला, "कागद माझ्या हातांत होता, अक्षर माझें होतें, आणि तरीही मला चूक दिसेना. सिस्टरनें बोट ठेवलें तेव्हां दिसली."

रात्रीपासून अन्न न घेतलेल्या त्या म्हाताऱ्यास ४० युनिट दिले असते, तर रक्तांतील साखर एकदम उतरून त्याचा मेंदू दगावला असता, कदाचित् प्राणही गेला असता. आमच्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट आपल्या वरिष्ठांस सांगितली. वरिष्ठ रागावले नाहींत, हंसले. "आम्हीं तर ४८ तास काढले आहेत," असें म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. ही चूक कोणत्याही वहींत नोंदली गेली नाहीं. चार दिवसांनीं रोगी बरा होऊन घरीं गेला. जातांना त्याच्या मुलानें आमच्या विद्यार्थ्याच्या पायांस हात लावला. सगळ्या हकीकतींत हाच भाग त्याला सांगतां येईना.

वाचकहो, ही कथा ऐकल्यापासून आमचें मन एका प्रश्नाभोंवतीं फिरत आहे. आपण ज्याला डॉक्टरचा त्याग म्हणून टाळ्या देतों, त्यांतील त्याग नेमका कोणाचा? झोंप डॉक्टरची जाते हें खरें. पण तिची किंमत भरावयाची वेळ आली म्हणजे ती खाटेवर पडलेल्या माणसाकडून वसूल होते, आणि त्याला कोणी विचारलेलें नसतें. डॉक्टरनें आपली प्रकृति आणि आपलें मन सांभाळणें ही त्याची खासगी चैन नव्हे, तें रोग्याचें देणें आहे, असें आमचें मत झालें आहे. या मतास अनेक जाणते लोक नाक मुरडतील याची आम्हांस कल्पना आहे.

प्रथम ही रीत आली कोठून तें पाहूं. निवासी डॉक्टर या पदाची आजची घडण मुख्यतः अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत झाली. तें रुग्णालय १८८९ मध्यें उघडलें. औषधविद्येंत विल्यम ऑस्लर आणि शस्त्रविद्येंत विल्यम हाल्स्टेड या दोन आचार्यांनीं अशी पद्धति घातली कीं तरुण डॉक्टरनें रुग्णालयांतच राहावें, तेथेंच जेवावें, तेथेंच निजावें, आणि अनेक वर्षें अहोरात्र रोग्यांच्या सहवासांत राहून विद्या मिळवावी. 'निवासी' हें नांव त्यावरूनच पडलें. विवाह करूं नये अशीही अपेक्षा असे. गुरुगृहीं राहणाऱ्या आपल्याकडील शिष्याची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था होती, आणि तिच्यांतून मोठमोठे शस्त्रवैद्य निपजले हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु याच हाल्स्टेडच्या चरित्रांत एक दुःखद पान आहे. १८८४ मध्यें कोकेननें शरीराचा भाग बधिर करतां येतो हा शोध लागला, तेव्हां न्यूयॉर्कमध्यें असतांना त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तें द्रव्य स्वतःवर टोचून पाहिलें. त्यांतून त्याला व्यसन जडलें. उपचार झाले, पण कोकेनच्या जागीं मॉर्फिन आलें आणि तें पुढें सुटलें नाहीं. त्याचा मित्र ऑस्लर यानें हें एका गुप्त टिपणांत लिहून ठेवलें होतें. तें १९६९ मध्यें जगापुढें आलें. म्हणजे ज्या पुरुषानें तरुण डॉक्टरांस अथक परिश्रमाचा धडा घालून दिला, तो स्वतः आयुष्यभर एका आजारानें ग्रस्त होता, आणि तो आजार लपविण्यांतच त्याचें अर्धें बळ खर्ची पडत असलें पाहिजे. हाल्स्टेडची निंदा करण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं रबरी हातमोजे वापरण्याची चाल त्याच्याच विभागांत सुरू झाली. त्याचे उपकार मोठे आहेत. पण आपल्या दुखण्याविषयीं अवाक्षर न काढण्याची सवयही त्या घरापासूनच वारसाहक्कानें आली कीं काय, अशी शंका मनांत येते.

आतां थकव्याविषयीं. १९९७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील दोन संशोधकांनीं कांहीं माणसांस एकदां जागवून आणि एकदां मद्य पाजून हाताडोळ्यांच्या कामाची तीच परीक्षा घेतली. सतरा तास जागलेल्या माणसाचें काम १०० मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकें बिघडतें, आणि चोवीस तास जागलेल्याचें जवळ जवळ १०० मिलिग्रॅमवाल्याइतकें, असें त्यांस आढळलें. आपल्या देशाचा मोटार-कायदा ३० मिलिग्रॅमच्या पुढें गेलेल्या चालकास दंड करतो. मोटारवाहतुकीच्या कामगारांस १९६१ च्या कायद्यानें दिवसाला सामान्यतः आठ तासांची मर्यादा घालून दिली होती. पन्नास उतारूंच्या जिवासाठीं कायदा जी काळजी घेतो, ती एका वॉर्डांतील पन्नास रोग्यांसाठीं कां घेत नाहीं?

कायदा नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. नियम कागदावर आहेत. १९९२ मध्यें केंद्र सरकारनें निवासी डॉक्टरांचें काम सामान्यतः दिवसाला १२ तास व आठवड्याला ४८ तास असावें असें ठरवून दिलें. आमच्या विद्यार्थ्यास हें सांगितलें तेव्हां तो प्रथम आमच्याकडे नुसता पाहत राहिला. २०२४ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नेमलेल्या कृतिदलानें विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा अहवाल दिला. त्यांत आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावें अशी शिफारस आहे. अठ्ठेचाळिसांवरून चौऱ्याहत्तरांवर येणें ही सुधारणा समजावी लागते, यावरून मधल्या बत्तीस वर्षांत काय चाललें होतें तें ओळखावें. त्याच दलानें २५,५९० पदवी-विद्यार्थ्यांस आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले होते. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा सुमारें २८ जणांनीं आपणांस मनाचा कांहींना कांहीं विकार असल्याचें निदान झालें आहे असें सांगितलें. हीं तीच मुलें कीं ज्यांचे सत्कार आपण बारावीच्या निकालानंतर करतों.

आणि त्याच वर्षीं, ऑगस्टमध्यें, कोलकाता येथील एका सरकारी रुग्णालयांत लांबलेल्या पाळीनंतर चर्चागृहांत विसाव्यास गेलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. देशभर डॉक्टर रस्त्यावर आले. सर्वोच्च न्यायालयासही लक्ष घालावें लागलें. त्या घोर प्रकाराची अधिक चर्चा या पानांवर करणें योग्य नव्हे. डॉक्टरला निजावयास दार लागणारी एक खोली असावी, ही मागणी त्यानंतर ठिकठिकाणीं नव्यानें करावी लागली, इतकेंच नमूद करतों.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीं तर आम्हीं आमच्या मुलांस वादविवाद शिकविला तो व्यर्थ. न्यूयॉर्कमध्यें १९८४ सालीं अठरा वर्षांची एक मुलगी ताप घेऊन रुग्णालयांत आली आणि सकाळपर्यंत मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर प्रदीर्घ पाळीवर होते व अनेक रोगी एकाच वेळीं सांभाळीत होते. मृत्यूच्या कारणाविषयीं पुढें न्यायालयांत बराच वाद झाला, पण त्या प्रकरणावरून त्या राज्यानें १९८९ मध्यें आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ मध्यें ती सर्व अमेरिकेंत लागू झाली. २००४ मध्यें बोस्टन येथील अतिदक्षता विभागांत झालेल्या पाहणींत जुन्या लांब पाळ्यांच्या वेळीं गंभीर चुका शेंकडा ३६ नीं अधिक होत असल्याचें दिसलें. येथवर सर्व आमच्या बाजूचें. पण २०१६ मध्यें शस्त्रविद्येच्या ११७ शिक्षणक्रमांत मोठा प्रयोग झाला, आणि पाळ्या सैल करून लांबविल्या तरी रोग्यांच्या मृत्यूंत वा गुंतागुंतींत वाढ झाली नाहीं असा निष्कर्ष निघाला. पाळी आंखडली म्हणजे रोगी अधिक वेळां एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. पहिल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगावयाची राहते. त्यानेंही माणसें दगावतात. ज्येष्ठ डॉक्टरांचा हा आक्षेप खरा आहे आणि तो हंसण्यावारी नेऊं नये.

तथापि त्या प्रयोगांत दोन्हीं पक्षांस ८० तासांची साप्ताहिक मर्यादा कायमच होती, हें आपल्याकडे तो दाखला देणारे विसरतात. आमचा विद्यार्थी शंभर तासांच्या आठवड्याविषयीं बोलत होता. आणि रोगी दुसऱ्याच्या स्वाधीन करतांना माहिती गळते, याला उपाय नीट स्वाधीन करावयास शिकविणें हा आहे. कधींच स्वाधीन न करणें हा नव्हे.

कोणी म्हणेल, हें सर्व ठीक आहे, पण नीतीचा यांत काय संबंध? डॉक्टरचा धर्म सेवा, आणि सेवेंत स्वतःला विसरावयाचें असतें. यावर आम्ही इतिहासांतील एक प्रसंग पुढें ठेवतों. १८४७ मध्यें व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर बाळंतिणींच्या वॉर्डांत काम करीत होता. तेथें दोन विभाग होते. एकांत वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागांत बाळंतज्वरानें कितीतरी अधिक स्त्रिया मरत. शवविच्छेदन करतांना सुरीची जखम होऊन त्याचा एक मित्र तशाच लक्षणांनीं वारला, तेव्हां सेमेलवाइसच्या ध्यानांत आलें कीं मृत्यु डॉक्टरांच्या हातांवरूनच, शवागारांतून थेट बाळंतिणीपर्यंत येत आहे. त्यानें क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेला मृत्यूंचा आंकडा जूनमध्यें शेंकडा २ वर आला.

त्याचे आभार मानले जावेत अशी आपली अपेक्षा असेल. घडलें उलटें. बऱ्याच थोर डॉक्टरांस त्याचा राग आला. आमचे हात मलिन आहेत असें म्हणणारा हा कोण! अमेरिकेंतील एका नामांकित प्राध्यापकाचें तर असें प्रतिपादन होतें कीं डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. सेमेलवाइस १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत वारला.

आमच्या मतें थकवा हा त्या काळच्या हातांवरील मळासारखाच आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं, ज्याला आहे त्याला सर्वांत शेवटीं कळतो, आणि दाखवून देणारावर राग मात्र हमखास येतो. हात धुणाऱ्या डॉक्टरला आज कोणी आपलपोटा म्हणत नाहीं. मग सहा तास निजून पाळीवर येणाऱ्यास तरी कां म्हणावें? आणि मन खचलें असतां जो तज्ज्ञाकडे जाऊन तसें सांगतो, त्याला दुबळा कां म्हणावें?

आपल्या प्राचीन ग्रंथांतही हा विचार अगदीं परका नाहीं. चरकसंहितेंत गुरु शिष्यास दीक्षा देतांना रोग्याच्या हितासाठीं सर्वस्वानें झटण्याची कडक आज्ञा करतो, ती सर्वांस ठाऊक आहे. त्याच संहितेंत अन्यत्र निद्रेस शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिलें आहे, आणि वैद्याला त्या स्तंभांतून सूट दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. जागतिक वैद्यक संघटनेनें १९४८ मध्यें जिनीव्हा येथें डॉक्टरांसाठीं जी प्रतिज्ञा केली, तिच्यांत आरंभीं रोग्याची, गुरूंची, सहकाऱ्यांची आठवण होती. डॉक्टरच्या स्वतःच्या प्रकृतीचा शब्द नव्हता. तो यावयास सुमारें सत्तर वर्षें लागलीं. २०१७ मध्यें शिकागोच्या अधिवेशनांत त्या प्रतिज्ञेंत असा आशय घालण्यांत आला कीं उत्तम प्रतीची सेवा देतां यावी म्हणून डॉक्टर स्वतःचें आरोग्य, स्वास्थ्य आणि पात्रता यांकडे लक्ष देईल. आम्हांस या वाक्यांतील 'म्हणून' फार मोलाचा वाटतो. स्वतःकडे पाहावयाचें तें रोग्यासाठीं.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं घड्याळाचा कांटा बाराला टेकतांच रक्तस्राव होत असलेला रोगी टाकून डॉक्टरनें घर गांठावें. तसें करणारा डॉक्टर आमच्या शाळेचा निघाला, तर आम्ही त्याला ओळख देणार नाहीं. प्रसंग आला तर जागलेंच पाहिजे. प्रसंग रोजचा झाला म्हणजे तो प्रसंग राहत नाहीं. ती व्यवस्थेची लबाडी होते, आणि ती झांकण्यासाठीं त्यागाचें नांव वापरलें जातें. डॉ. कोटणीस यांचे ते ७२ तास रणांगणावरचे होते. मागें दुसरा शस्त्रवैद्य नव्हता आणि पुढें शेंकडों जखमी होते. त्यांच्यापुढें आमचें मस्तक नम्र आहे. पण ते ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें. ती मुलगी हें सांगावयास विसरली, आणि आम्हीही परीक्षक असून विचारावयास विसरलों. शांततेच्या काळांत, मोठ्या शहरांत, मंजूर झालेल्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या ठेवून एका पोरसवदा डॉक्टरकडून तिघांचें काम घ्यावयाचें आणि त्याला कोटणिसांचें चित्र दाखवावयाचें, हा त्या थोर पुरुषाचाच अपमान आहे.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. जमीन विकून मुलास वैद्यकीय महाविद्यालयांत घालणारीं कुटुंबें आमच्या परिचयाचीं आहेत. अशा मुलाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून कर्ज बसलेलें असतें. पुढें तो 'कट' घेऊं लागला तर दोष त्याचाच, यांत शंका नाहीं, पण ती वाट त्याला घरानेंच दाखविलेली असते. घरीं फोन आला असतां "अभ्यास कसा चालला आहे?" याच्या आधीं "जेवलास कां? निजलास केव्हां?" असें विचारावयास पैसे पडत नाहींत.

बक्षीस त्या मुलीसच मिळालें. तिचें भाषण खरोखरच उत्तम झालें होतें. समारंभानंतर ती स्वाक्षरीची वही घेऊन आमच्या विद्यार्थ्याकडे आली. स्वाक्षरी झाल्यावर तिनें विचारलें, "दादा, तुम्ही काल किती तास झोंपलांत?"

तो थोडा थांबला. आमच्याकडे पाहिलें. "तीन," असें म्हणाला.

रात्रीं साडेनवाच्या एस. टी.नें तो परत निघाला. सकाळीं आठ वाजतां त्याला ओ. पी. डी. गांठावयाची होती. आम्ही त्याला पोंचवावयास गेलों होतों. गाडी सुटण्यापूर्वीं वाहकानें मोठ्यानें सांगितलें कीं अर्ध्या वाटेवर दहा मिनिटें थांबावें लागेल, कारण चालकाची पाळी तेथें संपते आणि दुसरा चालक चढतो. खिडकीशीं बसलेला आमचा विद्यार्थी तें ऐकावयास जागा नव्हता.